गाळलेला भाग: पेतेरिस वास्क्स ऐकताना

पेतेरिस वास्क्स या लॅटव्हियन संगीतकाराविषयी जे लिहिले जाते त्यात 'शांत', 'ध्यानमग्न' आणि 'आध्यात्मिक' हे तीन शब्द हमखास भेटतात. एस्टोनियाचे आर्वो पेर्त, पोलंडचे हेन्रिक गुरेत्स्की आणि त्यांच्यामागोमाग वास्क्स, अशी नावे एका दमात घेण्याची रीतच पडून गेली आहे. थकल्याभागल्या माणसाने रात्री ऐकावे असे संगीत, अशी त्यांची ओळख करून दिली जाते. मीही त्याच दारातून आत गेले, त्यामुळे त्या ओळखीत तथ्य नाही असे म्हणणार नाही. पण ती अर्धवट भाषांतरासारखी आहे. मुळातला अवघड परिच्छेद गाळून केलेल्या भाषांतरात उरलेल्या मजकुराचाही अर्थ बदलतो, तसे येथे झाले आहे.

हे मला शिकवले ते माझ्या वडिलांनी. काही वर्षांपूर्वी अण्णा आजारपणात आमच्याकडे बंगळूरला राहायला आले होते. रात्री त्यांना झोप लागत नसे, म्हणून मी हलक्या आवाजात काहीतरी लावून ठेवत असे. एका आठवड्यात ते होते वास्क्स यांचे 'ताला गाइस्मा', म्हणजे 'दूरचा उजेड': व्हायोलिन आणि तंतुवाद्यवृंद यांच्यासाठी १९९६-९७ मध्ये लिहिलेली सुमारे अर्ध्या तासाची रचना. तिचा बराचसा भाग संपल्यावर असे काही घडते, की ते आजारी माणसाच्या खोलीत नको, असे मला वाटले. म्हणून तेथे आले की मी पुढे ढकलत असे आणि थेट शेवटच्या शांत भागावर जात असे. चौथ्या की पाचव्या रात्री अण्णा डोळे न उघडता म्हणाले, "मधलं काहीतरी गाळतेस तू. जोड लागत नाही."

अण्णांचा पाश्चात्त्य संगीताशी संबंध नव्हता. पण आयुष्यभर ख्याल ऐकलेला माणूस, त्यांना सांधा निसटलेला कळला. आणि मी? दुसऱ्या भाषांतरकारांनी वाक्ये गाळली की समासात लाल खुणा करणारी बाई. मला ते लागले. त्या आठवड्यापासून मी वास्क्स यांच्या रचना नव्याने, मुद्दाम अवघड भागांवर थांबत ऐकत आले आहे.

वास्क्स यांचा जन्म १६ एप्रिल १९४६ चा, पश्चिम लॅटव्हियातल्या आयझपुटे या लहान गावातला. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने हा देश गिळला होता. पुढच्या वर्षी नाझी फौजा आल्या आणि महायुद्धाच्या शेवटी पुन्हा सोव्हिएत राजवट परतली. मार्च १९४९ मध्ये, पेतेरिस तीन वर्षांचाही नव्हता तेव्हा, काही दिवसांत लॅटव्हियातून बेचाळीस हजारांहून अधिक माणसे सैबेरियाकडे हद्दपार केली गेली. ज्या पिढीच्या लहानपणीच शेजारची घरे अशी रिकामी झाली, त्या पिढीचा हा संगीतकार आहे.

त्यात वडील बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. नास्तिक राजवटीत हे कुळ अडचणीचे होते. रीगामधल्या उच्च संगीतशिक्षणाचा दरवाजा त्यामुळे बंद झाला आणि वास्क्स शेजारच्या लिथुआनियात, विल्नियसला गेले. तेथे ते डबल बेस शिकले आणि अनेक वर्षे वाद्यवृंदांतून तो वाजवून पोट भरले. डबल बेस हे वाद्यवृंदाच्या तळाचे वाद्य. त्याकडे श्रोत्याचे लक्ष क्वचितच जाते. पण ते काढून घेतले तर सगळी इमारत खचते. वास्क्स यांच्या रचनांत खालचे स्वर जमिनीसारखे पसरलेले असतात, तेव्हा मला नेहमी त्या मागच्या रांगेत उभ्या असलेल्या वादकाची आठवण येते. पुढे १९७३ ते १९७८ या काळात त्यांना रीगामध्ये रचनेचे रीतसर शिक्षण घेता आले.

त्यांच्यावर मोठा परिणाम झाला तो लुतोस्लाव्स्की आणि पेंडेरेत्स्की या पोलिश आधुनिकांचा. लुतोस्लाव्स्की यांनी रूढ केलेली एक पद्धत येथे समजून घ्यायला हवी, कारण मी जे गाळत होते ते तिच्यातूनच येते. संगीतकार प्रत्येक वादकाला स्वर लिहून देतो, पण ते नेमके कोणत्या क्षणी, इतरांशी कसे जुळवून वाजवायचे हे सांगत नाही. प्रत्येक जण आपापल्या गतीने तेच वाजवत राहतो. कागदावर सगळे ठरलेले असते आणि कानांना मात्र गर्दी ऐकू येते: चेंगराचेंगरी, किंवा थवा, किंवा पेट घेतलेले रान. वास्क्स यांनी ही युक्ती तंत्र म्हणून मिरवली नाही. त्यांनी तिला एक काम दिले: गाणे चालू असताना त्यावर कोसळण्याचे.

आणि ते गाणे कोठले? लॅटव्हियात 'दाइना' नावाची लोकगीते आहेत, बहुतेक चार ओळींची, निनावी, मोठ्या प्रमाणात बायकांच्या तोंडी घडलेली. क्रिश्यानिस बारोन्स यांनी ती जमवून १८९४ ते १९१५ या काळात छापली. त्या संग्रहात दोन लाखांहून अधिक गीते आहेत. कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवलेली ही गीते ठेवण्यासाठी त्यांनी खणांचे एक खास कपाट करून घेतले होते. ते आजही रीगामध्ये आहे आणि युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' नोंदणीत त्याला स्थान आहे. मराठी वाचकाला जात्यावरच्या ओव्या आठवतील, आठवाव्यात. पण लॅटव्हियन माणसासाठी दाइना म्हणजे केवळ घरातले गाणे नाही. शतकानुशतके जर्मन जमीनदार आणि परके राज्यकर्ते यांच्याखाली राहिलेल्या या लोकांनी स्वतःला राष्ट्र म्हणून ओळखले ते गाण्यातून. १८७३ मध्ये रीगात पहिला गीतोत्सव भरला, आणि ही प्रथा आजही चालू आहे. वास्क्स सहसा लोकगीताची चाल जशीच्या तशी उचलत नाहीत. त्यांची स्वतःची चाल मात्र अशी असते, की ती कोणाची तरी आजी आधीच म्हणून गेली असावी.

म्हणजे एका बाजूला ही चाल आणि दुसऱ्या बाजूला तिच्यावर कोसळणारी गर्दी. वास्क्स यांचे संगीत या दोहोंमधल्या झटापटीचे आहे. त्यातला एक पक्ष गाळला तर झटापट राहत नाही, नुसते अंगाईगीत उरते.

ज्यांना ते केवळ दिलासा देणारे संगीतकार वाटतात त्यांनी 'मूझिका दोलोरोझा' (१९८३) ऐकावी. तंतुवाद्यांसाठीची ही रचना त्यांनी दिवंगत बहिणीच्या स्मरणार्थ लिहिली. येथे स्वर जागेवर ठरत नाहीत. ते खाली घसरतात, हुंदका आवरू न शकणाऱ्या गळ्यासारखे. शोक वाढत वाढत अशा टोकाला जातो, की सगळी वाद्ये आपापली वाट धरून फुटतात. त्यानंतर जे उरते त्याला मी शांतता म्हणणार नाही. ते रडून थकणे आहे. शोकगीताच्या शेवटी सांत्वन यावे ही आपल्या मनाची जुनी सवय असते. वास्क्स येथे ते देत नाहीत, आणि हा प्रामाणिकपणा मला त्यांच्या साऱ्या 'आध्यात्मिकते'पेक्षा मोलाचा वाटतो.

आठ वर्षांनी, १९९१ मध्ये, त्यांची पहिली सिंफनी आली: 'बाल्सिस', म्हणजे 'आवाज'. त्या वर्षीच्या जानेवारीत विल्नियसच्या दूरदर्शन मनोऱ्यापाशी सोव्हिएत सैन्याने नि:शस्त्र नागरिकांवर हल्ला केला. रीगामध्ये लोकांनी ट्रॅक्टर, लाकडाचे ओंडके आणि काँक्रीटचे ठोकळे आडवे टाकून रस्ते अडवले आणि थंडीत शेकोट्या पेटवून पहारा दिला. २० जानेवारीला तेथेही गोळीबारात माणसे मेली. सिंफनीचे तीन भाग आहेत: शांततेचे आवाज, जीवनाचे आवाज, आणि सदसद्विवेकाचा आवाज. पहिल्या दोन नावांत 'आवाज' अनेकवचनी आहे, तिसऱ्यात एकवचनी. भाषांतर करणाऱ्याला असल्या गोष्टी आधी दिसतात. शांतता अनेकांची, जगणे अनेकांचे. सदसद्विवेक मात्र एकेकट्याचा. मधल्या भागात पाखरे जागी व्हावीत तसे स्वर किलबिलतात. पाखरे वास्क्स यांच्याकडे पुन्हा पुन्हा येतात. सीमेवर कागदपत्रे न दाखवता ये-जा करणारे जीव त्या काळच्या लॅटव्हियात तेवढेच होते, हे लक्षात ठेवले की ती निसर्गवर्णनापुरती उरत नाहीत.

आता 'दूरचा उजेड'. ही रचना गिडॉन क्रेमर या व्हायोलिनवादकासाठी लिहिली गेली. क्रेमर आणि वास्क्स रीगातल्या एकाच संगीतशाळेचे विद्यार्थी, पण शाळेत असताना त्यांची ओळख नव्हती. क्रेमर पुढे पश्चिमेकडे गेले, वास्क्स मागे राहिले. क्रेमर यांनी लिहिलेल्या बालपणाच्या आठवणी वास्क्स यांनी वाचल्या, आणि त्या वाचनाचा धागा या रचनेत आहे. ऑगस्ट १९९७ मध्ये साल्झबुर्गच्या महोत्सवात क्रेमर यांनी ती प्रथम वाजवली. साथीला क्रेमेराटा बाल्टिका हा वाद्यवृंद होता; लॅटव्हिया, लिथुआनिया आणि एस्टोनियातल्या तरुण वादकांचा, त्याच वर्षी उभा राहिलेला.

सुरुवात कानांवर पडते की नाही अशी शंका यावी इतकी हळू आहे. एकटे व्हायोलिन, विरळ आणि उंच स्वरांतून वर चढणारे. मग तंतुवाद्ये त्याला येऊन मिळतात. रचना सलग आहे, पण तिच्यात तीन कादेन्झा आहेत. कादेन्झा म्हणजे वाद्यवृंद थांबतो आणि एकल वादक एकटाच वाजवतो ती जागा. परंपरेने ती कौशल्य दाखवण्याची. वास्क्स यांच्याकडे ती एकटे पडण्याची जागा होते. पहिल्या कादेन्झानंतर गाणे येते, त्यानंतर गावजत्रेतल्या नाचासारखा जलद, ठसकेबाज भाग. दुसऱ्या कादेन्झानंतर पुन्हा गाणे, पण आता त्याचा रंग काळवंडलेला. तिसरा कादेन्झा सर्वांत हिंस्र. गज तारांवर अक्षरशः ओरबाडतो, आणि त्याच्या शेवटी सगळा वाद्यवृंद आत घुसतो, प्रत्येक जण आपापले वाजवत. मी सांगितलेली ती गर्दी हीच. त्यातून एकाएकी वॉल्ट्झ सुरू होतो.

मी पुढे ढकलत असे ते येथून. आता मला वाटते, की सगळ्या रचनेचा अर्थ या वॉल्ट्झमध्ये आहे. वॉल्ट्झ हा युरोपच्या सभ्य दिवाणखान्यांचा नाच. हातात हात घालून, झुंबराखाली करायचा. येथे तो जड पायांनी येतो, तीन मात्रांचा ठेका दणादण आपटत. आधीचा जलद भागही नाचाचाच होता, पण तो गावाचा होता. हा वॉल्ट्झ बाहेरून आलेला आहे. गोंधळाहून भयंकर काय असेल, तर गोंधळानंतर येणारी ही शिस्त. हे माझे वाचन आहे, पण इतिहासाकडे पाहता ते फार ओढाताणीचे वाटत नाही. हद्दपारीच्या गाड्याही वेळापत्रकाने सुटत होत्या.

वॉल्ट्झ तुटतो. सुरुवातीचे संगीत परत येते आणि व्हायोलिन उंच चढत चढत नाहीसे होते. मधला भाग गाळून ऐकताना हा शेवट मला गोड वाटत असे. पूर्ण ऐकला की तो गोड राहत नाही. जे गाणे परतते ते पहिल्याइतके निर्धास्त नसते, त्याला आता माहीत असते. आणि शीर्षकातले विशेषण तेव्हाच कळते. उजेड आहे, पण दूर आहे. तो जवळ आल्याचे संगीतकार एकदाही म्हणत नाही.

शीर्षकाविषयी थोडे, कारण ते माझ्या धंद्याचे आहे. लॅटव्हियन ही संस्कृतची लांबची चुलत बहीण. तेथे देवाला 'दिएव्स', दिवसाला 'दिएना' आणि धुराला 'दूमि' म्हणतात. आपले देव, दिन आणि धूम सहज ओळखू येतात. पण अशी नाती फसवतातही. 'ताला'चा आपल्या तालाशी काही संबंध नाही. त्याचा अर्थ 'दूरची'. 'गाइस्मा' म्हणजे प्रकाश. 'दूरचा प्रकाश' असे मराठी करता आले असते, एका टिपणात मी आधी तसे केलेही होते. नंतर खोडले. 'प्रकाश' आपल्याकडे प्रवचनात फार वापरून झाला आहे, तो म्हटला की मागोमाग ज्ञान येते. 'उजेड' दाराच्या फटीतून येतो, पहाटे शेतावर येतो, कोणाच्या तरी घरात अजून माणूस जागे आहे हे सांगतो. वास्क्स यांची व्हायोलिन तेवढेच सांगते.

शब्द असलेल्या त्यांच्या रचनांकडे मी साहजिकच अधिक चिकित्सेने पाहते. 'दोना नोबिस पाचेम' (१९९६) या समूहगानाला तीनच लॅटिन शब्द आहेत: आम्हाला शांती दे. साधारण पाव तास तेच तीन शब्द. नामजप माहीत असलेल्या श्रोत्याला ही पुनरावृत्ती परकी वाटणार नाही. विशेष हे, की प्रत्येक फेरीत मागणीचा सूर बदलतो. आधी विनंती, मग आग्रह, मग जवळपास जाब. शब्द तेच राहून वाक्याचा अर्थ बदलणे कोणत्याही भाषांतरकाराला हेवा वाटावा असे आहे. 'पाटेर नोस्टेर' (१९९१) ही प्रभूची प्रार्थना. ती स्वरबद्ध कर, असे वडिलांनी मुलाला पूर्वी सुचवले होते. मुलाच्या हातून ती झाली तेव्हा वडील राहिले नव्हते. हे कळल्यापासून त्यातला 'आमच्या बापा' हा संबोधनाचा पहिलाच शब्द मला दोन पत्त्यांवर पाठवलेला वाटतो.

याउलट 'मौनाचे फळ' (२०१३). येथे भारताशी थेट धागा आहे: शब्द मदर तेरेसांचे आहेत. कोलकात्यातल्या त्यांच्या कामाशी जोडलेली ही छोटीशी वचनमाला मौनापासून निघून एकेक पायरी चढत शांतीपर्यंत पोचते. वास्क्स यांनी ती फार सुरेल बांधली आहे आणि जगभरची गायकवृंदे ती आवडीने गातात. तरी मला ही रचना त्यांच्या दुबळ्या कामांत मोडते असे म्हणावे लागते. शब्दांत अडथळा नाही आणि संगीतानेही तो निर्माण केलेला नाही. जिना सरळ आहे, चढताना कोणी धापा टाकत नाही. ज्या शहरातून ते शब्द आले तेथला घाम, गलबला आणि मरण यांतले काहीच त्यात शिरत नाही. गाळलेल्या भागाची जी तक्रार मी श्रोत्यांविषयी करते आहे, ती येथे खुद्द संगीतकाराविषयी करावी लागते.

आणि ती या एका रचनेपुरती नाही. दीर्घ कारकीर्दीत वास्क्स यांची झटापट कधी कधी साच्यात पडली आहे. आधी गाणे, मग कल्लोळ, मग परतलेले गाणे. चार-पाच रचना लागोपाठ ऐकल्या तर कल्लोळ कधी येणार हे आधीच कळू लागते. आणि ज्याची वेळ ठाऊक आहे ते संकट संकट राहत नाही. यावर एक उत्तर असे दिले जाते, की आठ दशकांच्या वाटेवर इतके पाहिलेल्या माणसाला निखळ शांततेचा हक्क आहे. हक्क आहेच. पण ऐकणाऱ्यालाही विचारण्याचा हक्क आहे, की ही शांतता कशाला पुरून उरली? 'मूझिका दोलोरोझा' आणि 'दूरचा उजेड' या प्रश्नाला उत्तर देतात. 'मौनाचे फळ' देत नाही.

त्या रात्री मी अण्णांना पूर्ण रचना ऐकवली. तिसरा कादेन्झा सुरू झाला तेव्हा माझा हात सवयीने पुढे गेला, तो मी मागे घेतला. वॉल्ट्झ आला तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि छताकडे पाहत राहिले. संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फार सोसलंय गं याने. कोण हा?" मी सांगितले: एका धर्मोपदेशकाचा मुलगा, आपल्या देशात शिकू दिले नाही म्हणून शेजारच्या देशात गेला, मोठे वाद्य वाजवायचा. त्यांनी नाव पुन्हा विचारले, दोनदा म्हणून पाहिले, आणि "उद्या परत लाव, सगळं," असे म्हणून कुशीवर वळले.

वास्क्स नव्याने ऐकू पाहणाऱ्यांना म्हणूनच एवढे सुचवते. आधी 'मूझिका दोलोरोझा', मग 'दूरचा उजेड', मग 'दोना नोबिस पाचेम'. दिवसा ऐका, जागेपणी ऐका. सुरुवात ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका, आणि पुढे तो अंगावर आला म्हणून कमी करू नका.